पन्नाशीवरच्या पिचरांची सरासरी

बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे तेलुगू शेजारी अमेरिकेतून परतले ते बेसबॉलचं खूळ घेऊनच. त्यांनी चार टीम जमवल्या आणि मलकपेठच्या एका मैदानावर रविवारी सकाळची लीग सुरू केली. आमच्या टीमचे कॅप्टन अर्थात तेच. ऑफिसच्या क्रिकेटमध्ये मी वर्षानुवर्षं बोलिंग केलेली, म्हणून मला पिचर केलं, म्हणजे बॉल टाकणारा.

टाकणं जमलं. बॅटिंगचं मात्र विचारू नका. बेसबॉलमध्ये फटका बसला की बॅट तिथेच टाकून पळायचं आणि पाय बेसवर टेकवायचा. मी बॅटसकट पळायचो आणि बेस आला की वाकून बॅट क्रीझच्या आत सरकवावी तशी टेकवायचो. पाय अजून दोन हात मागे, पण चेहऱ्यावर धाव पूर्ण केल्याचं समाधान. तेवढ्यात समोरच्या टीमचा खेळाडू बॉल पकडून शांतपणे बेसवर पाय ठेवायचा आणि मी आउट. हे एकदा नाही, चारदा झालं.

मग कॅप्टननी जाहीर केलं की पुढच्या सामन्यापासून पिचरऐवजी दुसरं कुणी बॅटिंग करेल. अहो, आठवडाभर मी त्या बॅटच्याच आशेवर फायली उपसतो!

आमची मुलगी त्याच टीममध्ये राखीव खेळाडू, शिवाय स्कोअरही तीच ठेवते. मी तिला म्हटलं, "माझी बॅटिंग लीगच्या सरासरीशी ताडून दाखव. कॅप्टनला पुरावा देऊ."

"दाखवते, पण नंतर रागावायचं नक्को, बाबा."

लॅपटॉपवर दोन खांब उभे राहिले. लीगचा वीतभर, माझा नखाएवढा.

"यात तुम्हालापण धरलंय," ती म्हणाली. "तुम्हाला काढलं तर लीग अजून वर जाते."

"फलंदाजांशी कसली तुलना करतेस? फक्त पिचरांशी कर."

केली. तिथेही मी तळाला. स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. आता मागे हटणं शक्य नव्हतं.

"पन्नाशीवरच्या पिचरांशी कर!"

तिने केली आणि दोन्ही खांब अगदी एकसारखे आले. मी सरासरीला तंतोतंत उतरलो होतो! तो कागद छापून घेतला आणि रविवारी छाती काढून कॅप्टनच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा वर केला. "ये पचास के उप्परवाले पिचरां कित्ते हैं अपनी लीग में?"

"एकच," मुलगी म्हणाली. पोटची पोर!

"हौ. तो इनके बदले मारेगा कौन?"

"मैं," ती म्हणाली आणि सरावातल्या तिच्या फटक्यांचा कागद खिशातून काढून दिला. नीट घडी घातलेला होता, म्हणजे आधीपासून तयार होता.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी बाकावर हाताची घडी घालून बसलो. तिचा पहिलाच फटका सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. सगळे उठून ओरडले. मीही उठलो, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ती आउट झाली असती, तर मात्र जरा जास्त मनापासून वाजवल्या असत्या.