आपल्याच घरातली गाडी

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. मुठा खोऱ्यातल्या एका बंगल्यावर ते वीसेक वर्षं ड्रायव्हर आहेत. तो बंगला ज्या रानात उभा आहे ते पूर्वी आमचं होतं. आजोबांनी ते विकताना एकच अट घातली होती, माझ्या पोराला कायमचं काम द्यायचं. मालकांनी ती पाळली. घरात ही गोष्ट इतक्या कौतुकानं सांगितली जायची की मोठी होईपर्यंत मला वाटत होतं, रान त्यांनी आम्हाला दिलंय.

मी लग्नानंतर भूगावला फ्लॅटमध्ये आले. हिंजवडीत नोकरी, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. सासर ताम्हिणी घाट उतरून खाली कोकणात. आमच्याकडे छोटी गाडी होती. तिच्यात चौघं बसलो की सासूबाईंनी दिलेले नारळ पायाशी ठेवावे लागायचे. त्यात आईचे गुडघे गेले. तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे खाली वाकून बसवायचं आणि उतरताना दोघांनी धरून काढायचं. दर वेळी ती म्हणायची, "माजं काय न्हाई गं, पण तुमाला तरास." म्हणून मोठी गाडी घ्यायचं ठरलं. उंच, सीटवर सरळ बसता येईल अशी. नवी झेपणारी नव्हती.

मी तीन महिने अभ्यास केला. अभ्यासच म्हणते, कारण दहावीलासुद्धा इतक्या मन लावून वह्या भरल्या नव्हत्या. व्हिडिओ बघितले, ऑफिसातल्या लोकांना विचारलं, पुण्यात वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जाऊन सात गाड्या पाहिल्या. बॉनेटच्या बोल्टचा रंग उडालाय का बघायचं. दाराचं रबर ओढून आतली वेल्डिंग बघायची. डिकीतला गालिचा उचलून पुराच्या पाण्याचा गाळ शोधायचा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाच्या पट्टीवरचं वर्ष वाचायचं, ते गाडीच्या वर्षाशी जुळलं पाहिजे. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा पेटून विझला पाहिजे. हे सगळं मी फोनमध्ये लिहून ठेवलं होतं. नवरा हसायचा. त्याला म्हटलं, पोरं बसणार आहेत त्यात.

आठवी गाडी बघायला निघणार तेवढ्यात आप्पांचा फोन आला.

"मालक त्यांची पांढरी गाडी काढत्यात. दुसरीकडं कशाला फिरती? आपल्याच घरातली गाडी हाय. मीच चालवलीया."

रविवारी सकाळी आम्ही बंगल्यावर गेलो. मालक व्हरांड्यात बसले होते. माझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी खुर्च्या आणवल्या. आप्पा खांबाला टेकून उभे राहिले. ते मालकांपेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत, तरी मालक त्यांना "अरे" म्हणतात. मी खुर्चीतून उठून आप्पांना बसा म्हटलं, तर ते असे दचकले की मीच ओशाळून परत बसले.

"तुझ्या वडिलांच्या हातातली गाडी आहे," मालक म्हणाले. "तपासायचं काय त्यात?"

मी हसून फोन काढला आणि यादीप्रमाणे सुरुवात केली. इंजिन थंड होतं, पहिल्यांदा चावी फिरवताच चालू झालं. धूर नाही. डिकीचा गालिचा कोरडा. टायर बऱ्यापैकी. मग समोरून बघताना जाणवलं, डावा हेडलाइट उजव्यापेक्षा स्वच्छ आहे. उजव्यावर पिवळट झाक आली होती, डाव्यावर नाही. बॉनेटच्या दोन बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या.

"इथे काही लागलं होतं का?" मी मालकांना विचारलं.

मालकांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "गेटच्या खांबाला घासली व्हती. माज्याच हातनं."

मी पुढचा सीटबेल्ट ओढला. पट्टीवरचं वर्ष गाडीच्या वर्षापेक्षा तीननं पुढचं होतं. दुसरा ओढला, तोही तसाच. मी वर बघितलं. आप्पा लगेच बोलले, माझा प्रश्न यायच्या आधीच. "कुत्र्यानं चावलं व्हतं पट्टं. मालकीणबाईंनी बदलून घेतलं."

बंगल्यावर कुत्रा होता. तो तेव्हाही पायरीवर झोपलेला होता. मी पुढच्या मुद्द्याकडे गेले.

गाडी मी चालवून पाहिली. मालक मागे बसले, आप्पा माझ्या शेजारी. "हळू, मालक मागं हायेत," असं ते दोनदा म्हणाले. गाडी छान होती. खड्ड्यांतून अंग न हलवता जायची, चढाला दम लागत नव्हता. लाल दिवा पेटला आणि विझला. मला मनातून फार आनंद झाला होता, आणि तो लपवायचाही होता, कारण भाव ठरायचा होता.

तरीही पिरंगुटच्या एका गॅरेजवाल्याला मी संध्याकाळची वेळ दिलेली होती. गाडी उचलून खालून बघून घ्यायची. हे आप्पांना सांगितलं तेव्हा आम्ही गेटच्या बाहेर उभे होतो. त्यांचा चेहरा उतरला.

"मालकांच्या दारातनं गाडी तपासायला न्हेनार? काय वाटंल त्यास्नी?"

"आप्पा, सगळेच नेतात."

"माज्यावर इस्वास न्हाई का तुजा?"

असं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी गॅरेजवाल्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. आठवड्याभरात गाडी आमच्या नावावर झाली.

दीड वर्ष ती गाडी आम्ही सुखानं वापरली. आई स्वतःहून चढायची आणि उतरायची. दवाखान्याच्या दारात उतरून ती एकदा मागे वळून गाडीकडे बघत राहिली होती. कोकणात सहा-सात फेऱ्या झाल्या. ताम्हिणीच्या पावसात समोरचं काही दिसत नसताना मी ती गाडी चालवली आहे, मागे दोन्ही पोरं झोपलेली.

दुसऱ्या पावसाळ्यात हॉर्न बंद पडला. वाटलं पाणी गेलं असेल. मी त्याच पिरंगुटच्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं स्टेअरिंगवरचं झाकण काढलं आणि हात तसाच थांबवला. मग मला बोलावलं.

"ताई, ह्यात एअरबॅग न्हाई."

मला आधी कळलंच नाही. त्यानं झाकण उलटं करून दाखवलं. आत नुसती पोकळी होती आणि झाकण हलू नये म्हणून चिकटपट्टीनं लावलेला स्पंजाचा तुकडा. मग त्यानं शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड खालून उघडला. तिथंही काही नव्हतं. वरून मात्र सांध्याची रेघसुद्धा दिसत नव्हती, इतकं सफाईदार काम.

"पण दिवा तर पेटून विझतो. मी रोज बघते," मी म्हणाले.

त्यानं एक वायर बोटावर घेतली. "हिला ऑइलच्या दिव्याला जोडलंय. चावी फिरवली की दोनी पेटत्यात, इंजिन सुरू झालं की दोनी विझत्यात. गाडी जोरात ठोकलेली हाय ही. दोनी फुगं फुटलेत, पट्टं बदललेत. नवं फुगं लई महाग, म्हनून हे असलं करत्यात." मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "कुनाकडनं घेतली?"

मी झाकण परत लावायला सांगितलं.

तिथून मी सरळ मुठ्याला, आई-आप्पांकडे गेले. वाटेत गाडी मीच चालवत होते आणि स्टेअरिंगच्या त्या झाकणावरून माझी नजर हटत नव्हती. दुपारची वेळ होती. आई अंगणात पाय लांब करून बसली होती, आप्पा जेवून नुकतेच उठले होते. मी दारातच उभी राहून सांगितलं, गॅरेजवाला काय म्हणाला ते. आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"ठावं व्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मालकांचा मुलगा मित्रांना घेऊन ताम्हिणीला गेला होता. प्यायलेला होता. गाडी वळणावर कठड्याला धडकली. कुणाला फार लागलं नाही. आप्पांना बोलावून घेतलं आणि गाडी तेच चालवत होते असं पोलिसांना सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. गाडी दुरुस्तीला टाकून आणली तेही आप्पांनीच.

"मालक म्हनलं, हे कुनाला बोलायचं न्हाई."

"आणि मी त्या 'कुणात' आले का, आप्पा?"

"गाडी चांगली हाय. इंजिन एक नंबर हाय. मी सोता चालवली की तशीच."

"माझी पोरं बसतात त्यात."

"पोरं मागं बसत्यात," ते हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली. गाडी घेतल्यापासून आप्पा सोबत असले की पुढच्या सीटवर तेच बसायचे, आईला गुडघ्यांमुळे पुढं बसायचं असलं तरी. ते सोबत नसले की निघायच्या आधी फोन यायचा. "पोरांना मागंच बसीव. आयलाबी मागं." आम्ही त्यावर हसायचो. म्हणायचो, ड्रायव्हरची सवय, मालक मागेच बसले पाहिजेत. आणि ते घरातल्या एकेकाला गुपचूप त्या पोकळ डॅशबोर्डपासून दूर सरकवत होते. माझा नवरा कितीदा पुढं बसला, त्याबद्दल ते बोलले नाहीत. आणि स्टेअरिंगपुढं तर कायम मीच. मला मागे बसवता येत नव्हतं.

मी हे त्यांना म्हणाले. जसंच्या तसं, गेटबाहेर त्यांनी विश्वासाचं काढलं होतं तेही. त्यांनी मान वर केली नाही. आईनं मात्र केली. ती आप्पांकडे बघून म्हणाली, "पोरीला इस्वासाची शपत घातली व्हती ना तुमी?" एवढंच बोलून ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

मालकांकडेही मी गेले. आप्पा नको नको म्हणत होते. मालकांनी मला बसायला सांगितलं, चहा सांगितला, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वापरलेली गाडी म्हणजे हे आलंच. तू तर यादी घेऊन आली होतीस." मी म्हटलं, तुम्ही सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना सगळं ठाऊक होतं. ती गाडी आमची पोर घेईल, असं त्यांनीच येऊन सांगितलं. मी कुणाच्या दारात विकायला आलो नव्हतो."

हे खरं होतं का, हे मी आप्पांना अजून विचारलेलं नाही. एकदा वाटतं, त्यांनी खरंच स्वतःहून सांगितलं असेल, कारण गाडी बाहेर गेली असती तर कुणीतरी ती उघडून बघितलीच असती आणि मालकांचं नाव खराब झालं असतं. एकदा वाटतं, मालक खोटं बोलले. दोन्हींपैकी काहीही ऐकायची माझी तयारी नाही.

नव्या एअरबॅगा बसवायचा खर्च विचारला तर उरलेली गाडी त्यापुढे फुकटातच म्हणायची. शेवटी विकायची ठरवली. पुण्यातल्या एका दलालाला मी सगळं सांगितलं, काढलेलं झाकण दाखवलं, कागदावर लिहूनही दिलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही प्रामाणिक आहात, पण एवढं सांगायची गरज नसते." तिसऱ्या आठवड्यात त्याच गाडीची जाहिरात माझ्या फोनवर आली. एकाच कुटुंबात वापरलेली, अपघात नाही. मी फोन केला. गाडी गेली, म्हणाला. कुणाकडे, ते सांगितलं नाही. त्या दिवशी ऑफिसात मी कामाला हात लावला नाही. ज्या बाईच्या हातात ते स्टेअरिंग असेल तिला यादी करायची सवय असावी आणि तिच्या वडिलांनी मध्ये पडू नये, एवढंच मनात येत राहिलं.

आता आमच्याकडे पुन्हा एक छोटी गाडी आहे. नवी. आईला बसवताना दोघं लागतात. आप्पा रोज सकाळी बंगल्यावर जातातच. मालकांनी मोठी गाडी घेतली आहे, तीही तेच चालवतात. आईनं एकदाच म्हटलं होतं, सोडा ते काम. ते म्हणाले, "आन् करू काय?"

मागच्या महिन्यात ते भूगावला आले होते, नातीला भेटायला. खाली पार्किंगमध्ये नवी गाडी बघितली, एक फेरी मारली, टायरला पाय लावून बघितला. वर आल्यावर पाणी पीत पीत विचारलं, "घ्यायच्या आदी दावली का कुनाला?"

"दाखवली."

"कुनाला?"

"परक्या माणसाला."

त्यांनी पेला खाली ठेवला. "बरं केलंस," म्हणाले. मुलगी त्यांना तिची चित्रकलेची वही दाखवायला घेऊन आली, तिची दोन पानं त्यांनी बघितली. मग घड्याळ बघून उठले. मालकांना चारला पुण्यात पोचवायचं होतं.