एका प्लेटीत दोन घसे

लॅबमध्ये काम करणाऱ्यांना एक खोड असते. जंतू वाढवायच्या प्लेटी सुकायला आल्या की फेकवत नाहीत. मग घरात कुणी खोकलं की त्याचाच घसा तपासायचा. नव्वदचं दशक सरत असताना मी शिवाजी पेठेतल्या एका छोट्या लॅबमध्ये होते आणि घरात खोकणारी दोनच माणसं होती, मी आणि माझे वडील, आबा. आई कधीच गेली होती. लग्न मी केलं नाही, कारण माझ्या तोंडाचा पट्टा, असं आबा सगळ्यांना सांगायचे.

त्या थंडीत फ्लू मीच घरी आणला. तीन दिवसांनी आबांनीही अंथरूण धरलं. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सारा जन्म सुताची धूळ खाल्लेला माणूस. मी कापसाची काडी घेऊन उभी राहिले तर म्हणाले, "घशात काय बघतीस? मिसळीचा कट दिसंल, दुसरं काय न्हाय."

"गप आ करा."

प्लेट एकच उरली होती, म्हणून मधोमध पेनानं रेघ मारली. डावीकडे मी, उजवीकडे आबा. दुसऱ्या दिवशी प्लेटीतल्या रक्त मिसळलेल्या लाल थरावर दोन्हीकडे हिरवट कडेचे ठिपके उगवले. असले ठिपके सगळ्यांच्याच घशातून उगवतात. आमच्याकडे 'विशेष काही नाही' असा रबरी शिक्काच होता. पण त्यातले काही मध्ये खोलगट होते. न्यूमोनियाचे जंतू तसे दिसतात. खात्री करायला त्यावर औषधाची एक इवलीशी चकती ठेवायची, तिच्याभोवती जंतू वाढले नाहीत की ते न्यूमोनियाचेच, एवढंच काम. मी ठेवली नाही. दोन्ही बाजू सारख्याच होत्या आणि मी तर बरी झाले होते.

"काही नाही आबा, तुमचा घसा माझ्यासारखाच आहे."

"तुझा माझ्यासारखा म्हण की. आधी कोण आलं?"

ताप उतरला. त्यांनी चवीनं भाकरी खाल्ली, मी कामाला लागले. दोन दिवसांनी मात्र हुडहुडी भरली, छातीत कळ आली, थुंकी गंजासारखी पडली. दवाखान्यात ठेवलं. थुंकीचा नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. या वेळी मी चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बघायला मी आबांजवळून उठून लॅबमध्ये गेले. चकतीभोवती स्वच्छ गोल पडला होता. तेच जंतू. ते मी बघत होते तेव्हा आबा गेले.

पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. हे जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात गुपचूप राहतात. फ्लूचा विषाणू श्वासनळीचं अस्तर खरवडून काढतो आणि मग हे घरातलेच खाली छातीत उतरतात. "तुझे वरच राहिले, त्यांचे उतरले. त्यांची छाती आधीच दमलेली. आणि नुसती प्लेट बघून, हुडहुडी भरायच्या आधी, मी तरी औषध दिलं असतं का, सांगता येत नाही."

सांगता येत नाही. मला कुणाचा तरी राग करायचा होता, आणि तेवढीही सोय राहिली नाही.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. आबांचा रिपोर्ट ट्रेमध्ये तसाच पडून होता. रिपोर्ट नातेवाइकाच्या सहीनंच द्यायचा असतो. शिपाईमामांनी वही पुढं सरकवली. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही होती, नेणाऱ्याच्या रकान्यातही मीच केली. घरी जाऊन तो कुणाला वाचून दाखवायचा, ते कळेना.