थोरल्या साडूंचा टोप

आमच्या सासरी दिवाळीला जावयाला टोपी द्यायची पद्धत होती. पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, खांद्यावर उपरणं टाकायचं आणि मग सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं नवी कोरी टोपी डोक्यावर ठेवायची. सासरे चाकणला कांद्याचे आडते होते, मोठा मानी माणूस. त्यांना दोन मुली आणि दोन जावई. थोरले म्हणजे माझे साडू आणि धाकटा मी. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत आम्ही दोघं शेजारी शेजारी पाटावर बसलो होतो. माझ्या डोक्यावर टोपी आली. साडूंच्या डोक्यावर हेल्मेट आलं.

खाकी रंगाचं, मिलिटरीतलं, कानांवर कातड्याच्या झडपा असलेलं हेल्मेट. सासरे त्याला टोप म्हणायचे. लढाईच्या दिवसांत नाशिक रस्त्यानं निरोप घेऊन धावणारे मिलिटरीचे फटफटीवाले त्यांनी पाहिले होते आणि त्यांच्या डोक्यावरचा टोप त्यांच्या मनात भरून राहिला होता. साडू ऑइल इंजिनं विकणाऱ्या एका कंपनीत होते. विहिरींवर इंजिनं बसवत गावोगाव हिंडायचे आणि त्यासाठी कंपनीनं त्यांना फटफटी दिली होती. सासऱ्यांनी पिंपरीच्या कॅम्पातल्या निर्वासितांच्या दुकानात साडूंच्या टोपीचा नंबर सांगून तो टोप घेतला. शिवाय गोण्यांवर खूण करायच्या रंगानं मागच्या बाजूला तांबडा पट्टा ओढला.

"आमच्या थोरल्या पाव्हण्यांचा माल हाय हा," ते सगळ्यांना सांगत होते. "खूण केलेली बरी. न्हाईतर उचलायचा कुणी."

सगळे हसले. मीही हसलो. पण जेवणात श्रीखंड होतं ते मला कडू लागलं.

त्या वेळी मी पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि चिंचवडहून सायकलनं कामावर जायचो. मॅट्रिक मी, साडू सातवी. पगारही माझा बरा. पण सासरवाडीच्या दारात फटफटीचा आवाज आला की आळीतली पोरं धावायची आणि माझी सायकल भिंतीला टेकून राहायची. तेवढं मी सोसत होतो. हेल्मेट आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

कारण ते साडूंना दिसायचंच तसं. ते डोक्यावर चढवून निघाले की मान ताठ, पाठ ताठ, नजर सरळ समोर. इकडेतिकडे बघणं नाही, हसणं नाही. एरवी हा माणूस चहाच्या टपरीवर मांड्यांवर थापा मारत बोलणारा, फटफटीवर बसला की एकदम सुभेदार व्हायचा. आणि उतरल्यावर कपाळावर एक तांबूस वळ उठलेला असायचा, आडवा, भुवयांच्या वर. मला वाटायचं, खऱ्या स्वाराची खूण ती हीच. माझ्या कपाळावर काय होतं? टोपीच्या कडेची मळकी रेघ.

"दाजींना किती शोभतं नाही?" आमच्या मंडळी एकदा म्हणाल्या. दाजी म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा, माझे साडू.

"कुणालाही शोभेल," मी म्हणालो.

"कुणालाही नाही हो," ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. तिच्या बोलण्यात काही नव्हतं. तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्यातले एक इंजिनिअर साहेब बदलून गेले आणि त्यांची जुनी फटफटी मी घेतली. चिंचवडच्या बाहेर माळावर तिच्यावर शिकलो. पडलो, गुडघे फोडून घेतले, पण शिकलो. आता फक्त हेल्मेट हवं होतं. कुठूनही आणलेलं चालणार नव्हतं. ते विकत घेणं मला केव्हाही जमलं असतं. मला ते सासऱ्यांच्या हातून हवं होतं, पाटावर बसून हवं होतं, रंगाच्या पट्ट्यासकट. म्हणून मी मंडळींच्या कानाला लागलो. दिवाळी जवळ आली तशी तिनं वडिलांच्या कानावर घातलं, आणि सासरे एके दिवशी कांद्याच्या ट्रकमधून पिंपरीला उतरले ते थेट मला घेऊन दुकानातच गेले.

दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड. देहूरोडच्या मिलिटरी डेपोतून लिलावात सुटलेला डिस्पोजलचा माल तिथं ढिगानं पडलेला. बूट, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या. एका कोपऱ्यात भोपळे रचावेत तशी हेल्मेटं रचलेली होती. दुकानदार सिंधी गृहस्थ होता. त्यानं एक काढून माझ्या हातात दिलं.

"टोपी उतारिये ना, साहब," तो म्हणाला.

मी टोपीला हात लावला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला होता.

"टोपी कशापायी काढायची?" ते म्हणाले. "आमी अजून जिते हाय की."

आता हे आमच्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरात कुणी गेलं की माणूस बोडक्या डोक्यानं हिंडतो. वडीलधाऱ्यांसमोर, त्यातून सासऱ्यांसमोर, भर बाजारात टोपी काढायची म्हणजे त्यांच्या तोंडावर अभद्र करायचं. आणि मला तर शंकाही आली नाही. साडू हेल्मेट टोपीवरच घालत असणार, हे मी धरूनच चाललो होतो. चाकणला पोचून ते सासऱ्यांसमोर उभे राहायचे तेव्हा हातात हेल्मेट आणि डोक्यावर टोपी, असंच मी दर वेळी पाहिलं होतं.

मी हेल्मेट टोपीवर चढवलं. पहिलं अडलं. दुसरंही अडलं. तिसरं, सगळ्यांत मोठं, बरोबर बसलं. पट्टा हनुवटीखाली आवळला. सासऱ्यांनी वरून दोन टपल्या मारल्या, जसा गोणीतला कांदा दाबून बघतात.

"व्हय, बसला चांगला," ते म्हणाले. "हाय का कुठं ढिला?"

"नाही मामा," मी म्हणालो. "अगदी मापाचा आहे."

दुकानदार काहीतरी बोलणार होता. पण सासऱ्यांनी पैसे काढले होते, त्यामुळे तो गप्प बसला.

सासऱ्यांनी हेल्मेट चाकणला नेलं, हिरवा पट्टा ओढला आणि त्या दिवाळीत मला पाटावर बसवून दिलं. हिरवा धाकट्याचा. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून साडूंकडे पाहिलं. ते माझ्या हेल्मेटकडे एकटक बघत होते. जळतायत, मला वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी तीनदा श्रीखंड मागून घेतलं.

हेल्मेट घालून पहिला लांबचा प्रवास घडला तो चैत्रात. सासऱ्यांनी नवी आडत काढली होती, तिची पूजा होती. दोघी बहिणी आदल्या दिवशी एस.टी.नं पुढे गेल्या. आम्ही दोघं साडू पिंपरीहून आपापल्या फटफट्यांवर निघालो. साडू पुढे, मी मागे. मागे राहणं मला पसंत नव्हतं. भोसरी सोडली, रस्ता मोकळा झाला आणि मी त्यांना गाठायला वेग वाढवला.

तिथंच घात झाला. वारा हेल्मेटच्या खाली शिरला आणि ते मागे उचललं गेलं. पट्टा गळ्यात रुतला. मी वेग कमी केला तसं ते धप्पकन पुढे आलं आणि येताना आतल्या टोपीला घेऊन आलं. टोपी डोळ्यांवर. पुढचं काहीच दिसेना. एका हातानं टोपी वर सारायला गेलो तर फटफटी मोशीच्या अलीकडे रस्ता सोडून नांगरलेल्या रानात घुसली आणि मी ढेकळांत तोंडावर आपटलो.

लागलं फारसं नाही. पण उठून पाहतो तर साडू परत फिरून येत होते. मला रस्त्यावरच्या कुठल्याही वाटसरूनं पाहिलं असतं तर चाललं असतं. यांनी पाहायला नको होतं.

त्यांनी माझी फटफटी उभी केली, मला इंद्रायणीच्या पुलापाशी आणून झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. मग माझं हेल्मेट काढलं आणि आत चुरगळलेली टोपी बघून त्यांना हसू आवरेना.

"अहो साडूभाऊ, टोपी घालून टोप घालता होय?"

"तुम्ही नाही घालत?"

"मी खिशात ठेवतो. वेशीबाहेरच्या वळणावर टोप काढतो, टोपी चढवतो, मग मामांपुढं जातो."

साडूंनी आपलं हेल्मेट काढलं आणि माझ्या बोडक्या डोक्यावर चढवलं. "आता मान हलवा," म्हणाले. मी हलवली. हेल्मेट डोक्याबरोबर हललं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून फिरवलं तर माझ्या कपाळाची कातडीही त्याच्याबरोबर ओढली गेली. "असं बसायला पाहिजे. कातडी धरून. दुखायला नको आणि निसटायलाही नको."

त्यांचं हेल्मेट मला बरोबर बसलं होतं. ते कळल्यावर माझा राग आणखीनच वाढला. वर्षभर जे डोळ्यांत खुपत होतं ते चक्क माझ्याच मापाचं होतं!

"मग तुम्हाला कसं बसतं हे?" मी विचारलं.

त्यांनी माझं हेल्मेट उचललं आणि डोक्यावर घातलं. आणि त्यांच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की मला वाटलं, यांच्या छातीवरचा धोंडा कुणी काढला.

मग सगळं बाहेर आलं. सासऱ्यांनी माप घेतलं होतं टोपीवरून, आणि टोपी तर डोक्यावर वरच्या वर टेकते. हेल्मेटला कपाळापर्यंत, कानांपर्यंत खाली यावं लागतं. साडूंचं डोकं खाली रुंद. पहिल्या दिवसापासून ते हेल्मेट त्यांना अडकित्त्यात धरल्यासारखं धरत होतं. त्यांनी आतली गादी चाकूनं खरवडली, कातडं रात्रभर पाण्यात भिजवलं, काही उपयोग झाला नाही. दोन गावं हिंडले की डोकं ठणकायचं. मान जरा वळवली तर कळ मेंदूत जायची, म्हणून ते ताठ बसायचे.

"आणि कपाळावरचा वळ?"

"त्याचाच की."

"मग दुसरं का नाही घेतलंत?"

"कसं घेणार? मामांनी पाटावर बसवून दिलेला आहेर. तांबडा पट्टा ओढलाय त्यावर." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमचं नशीब चांगलं, राव. तुम्हाला ते दुकानात घेऊन गेले. तुमच्या डोक्यावर घालून बघितलं. मला कुणी विचारलं? दिवाळीत तुमचा टोप बघितला आणि माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू."

म्हणजे पाटावर ते जळत होते हे खरं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण त्यांनी ते इतक्या सरळ सांगून टाकलं होतं की तेवढं सरळ सांगणं मला जन्मात जमलं नसतं, आणि आता मला त्याचाही हेवा वाटायला लागला.

आम्ही हेल्मेटं बदलली. पण पट्ट्यांचं काय? सासरे गोणीवरची खूण लांबून ओळखणारे. थोरल्याचा आहेर धाकट्याच्या डोक्यावर दिसला असता तर त्यांनी आम्हा दोघांना पुन्हा पाटावर बसवलं नसतं. शेवटी असं ठरलं की एरवी ज्याचं माप त्यानं वापरायचं, आणि चाकणला जाताना या पुलावर थांबून ज्याचा आहेर त्यानं घालायचा. परतताना इथंच पुन्हा अदलाबदल. पुढे सासरे होते तोवर आम्ही ते पाळलं. पण मला आठवतं ते पहिल्या वेळेचंच.

निघण्याआधी साडूंनी तांबड्या पट्ट्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी डोक्यात दाबून बसवलं. डोळे मिटून, ओठ चावून. मी हिरवं घातलं, आत टोपी कोंबून, कारण तिच्याशिवाय ते डोक्यावर राहतच नव्हतं. चाकणच्या वेशीबाहेर वळण आलं तसे साडू टोपीसाठी थांबायला लागले. पण त्या दिवशी सासरे पूजेच्या पाहुण्यांना घ्यायला तिथवर आले होते. शेजारी दोघी बहिणी. साडूंना थांबता आलं नाही. सासरे हात वर करून ओरडले, "थांबू नगा, तसंच चला आडतीवर, लोकांना बघू दे आमचे पाव्हणे!"

आम्ही सावकाश पुढे निघालो. कांद्याच्या ढिगांमधून वाट होती आणि दोन्ही बाजूंना हमाल, शेतकरी, गाडीवाले उभे राहून बघत होते. साडू पुढे होते. मान ताठ, पाठ ताठ, नजर सरळ समोर. त्यांच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं असेल ते अख्ख्या चाकणमध्ये फक्त मला ठाऊक होतं. कानशिलावरून घामाची धार उतरत होती, तीही मला दिसत होती.

आमच्या मंडळी माझ्या फटफटीच्या बाजूनं झपझप चालत होत्या. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, दाजी बघा कसे रुबाबात बसलेत. तुम्हीही जरा तसं बसा की."

सगळं ठाऊक असूनही माझ्या पोटात पूर्वीसारखंच दुखलं. मी पाठ सरळ केली, मान ताठ केली, आणि टोपी पुन्हा माझ्या डोळ्यांवर आली.