आठातला एक

किल्लीवाल्याची बायको गेली तेव्हा तो रडला नाही. लोकांनी कौतुक केलं, काय खंबीर माणूस म्हणून. खंबीर कसला! आत काही हललंच नव्हतं. मुलीने पुढे ठेवलेलं तो जेवला, सांगतील तिथे सह्या केल्या आणि मुलगी तिच्या गावी परत गेल्यावर शटर वर करून पुन्हा किल्ल्या घासायला बसला. गिऱ्हाईक हळहळलं की 'हो ना' म्हणायचा.

बायकोची एक गोष्ट तेवढी घरात जिवंत होती. बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवलेली चाळीस लिटरची काचेची टाकी. तळाशी वाळू, एक वाकडा ओंडका, त्यावर शेवाळ, मागे हिरव्यागार पाणवनस्पती. बायको ती झाडं कात्रीने छाटायची, पाणी मापून बदलायची. त्यात आठ निऑन टेट्रा होते. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. किल्लीवाला या सगळ्याला 'तुझं डबकं' म्हणायचा. ती म्हणायची, "अहो, डबक्याला नावं ठेवता आणि जेवताना बघत मात्र तिकडेच बसता."

ती महिनाभर दवाखान्यात होती. त्या महिन्यात याने आठवण येईल तेव्हा मूठभर खाणं टाकलं आणि पाण्याला हात लावला नाही. नको तेव्हा नको तेवढं खायला घातल्यावर दुसरं काय होणार? सात मासे मेले. एकेक करून त्याने चहाच्या गाळणीने काढले, कचऱ्यात टाकले, गाळणी धुतली आणि चहा गाळला. आपण काय करतोय हे त्याच्या मनाला शिवलंही नाही.

आठवा जगला, पण ओंडक्यामागे जाऊन बसला. रंग उडाला, खाणं समोरून गेलं तरी हलेना. किल्लीवाला आता वेळेवर पाणी बदलत होता, चिमूट मोजून खाणं टाकत होता. एवढा एक जगवायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. बाकी काही ठरवायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

मुलगी फोनवर म्हणाली, "एकटा पडलाय तो बाबा. त्याला कुणीतरी आणा की."

तेव्हा तो मासेवाल्या बाईकडे गेला. खायच्या माशांची नव्हे, बघायच्या. हिची एक खोड होती. लग्न जुळवणारी करणार नाही एवढ्या चौकशा केल्याशिवाय ती कुणाला मासा द्यायची नाही. टाकी केवढी, पाणी कसलं, आत आधी कोण आहे, झाडं कुठली. अर्धी गिऱ्हाइकं वैतागून निघून जायची.

किल्लीवाल्याने सगळी उत्तरं दिली आणि गप्पींकडे बोट दाखवलं.

"नको काका. तुमच्या बाईंनी पाणी मऊ, कमी क्षारांचं ठेवलंय, यांना जड लागतं. शिवाय महिन्याभरात पिल्लंच पिल्लं."

"मग तो फायटर?"

"तुमचा अंग चोरून बसलाय. फायटरने एक दिवस शेपटी ओढली की संपलं."

एंजलमासा मोठा होऊन त्यालाच गिळेल. गोल्डफिश झाडं उपटेल आणि पाणी घाण करेल. तळाशी फिरणारे चिमुकले कॅटफिश चालतील, पण ते आपसातच रमतात, त्याच्या वाऱ्याला उभे राहणार नाहीत. बाई शेवटी म्हणाली, "काका, त्याला त्याच्यासारखेच पाहिजेत. सहा निऑन न्या. ही जात घोळक्यात जगते."

"तेच नकोयत," किल्लीवाला म्हणाला.

"का?"

त्याने निऑनच्या टाकीच्या काचेवर बोट ठेवलं. "सगळे एकसारखे. मग आमच्या हिचा कुठला, ते मला कसं कळायचं?"

बाईने त्याला खोटं सांगितलं नाही. "सुरुवातीला कळेल. हे लहान आहेत. मोठे झाले की नाही कळणार. पण एकटा राहिला तर जगणार नाही तो."

कुलपाची किल्ली केसभर चुकली तरी ज्याला नुसत्या नजरेने कळतं, त्या माणसाने तिथेच स्वतःची समजूत घातली, मला कळेल. सहा मासे घेतले. बाईने सांगितल्याप्रमाणे पिशवी टाकीवर तरंगत ठेवली, थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घातलं आणि मासे जाळीने सोडले.

तिसऱ्या दिवशी जुना मासा ओंडक्यामागून बाहेर आला. आठवड्यात त्याची रेघ निळी झाली. किल्लीवाला जेवताना ताट घेऊन समोर बसायचा. सगळ्यांत मोठा तो तिचा. त्याला तो दिवसभराचं सांगायचा, कुणाचं लॅच अडकलं, कोण किल्ली आतच विसरला. आनंद वगैरे नव्हता. पण बोलत होता.

दोन महिने गेले. एका सकाळी खाणं टाकताना तो थबकला. सातही सारखेच दिसत होते. त्याने चष्मा पुसला, दिवा लावला, पोट, शेपटी, चाल, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. छे. कालपर्यंत ज्याच्याशी बोललो तो तरी तिचा होता का, कोण जाणे. त्या दिवशी तो दुकानात गेला खरा, पण दोन किल्ल्या चुकीच्या घासल्या.

पुढच्या रविवारी सकाळी एक मासा पाण्यावर तरंगत होता. बाकीचे सहा मासे झाडांमधून झुंडीने फिरत होते. किल्लीवाल्याने गाळणी आणली. मासा काढला आणि गाळणी तशीच हातात धरून उभा राहिला. कचऱ्याच्या डब्यापर्यंत पाय जाईनात. हा तिचा असेल. नसेलही. कुणाला विचारणार? जिला विचारायचं ती नाही. तो खुर्चीत बसला आणि त्याने मुलीला फोन लावला.

"अगं, मासा मेला एक."

"कुठला बाबा? आईचा?"

त्याला 'माहीत नाही' म्हणायचं होतं. गाळणीतून पाणी मांडीवर ठिबकत होतं. मग छातीतून काहीतरी वर आलं, आणि चार महिने ज्याच्या तोंडून हे शब्द निघाले नव्हते तो माणूस हुंदके देत मुलीला सांगू लागला,

"तुझी आई गेली गं. आई गेली आपली."

पलीकडून मुलगी म्हणाली, "हो बाबा. गेली."