मधुकाकांचं हार्मोनशास्त्र

आमच्या शेजारचे मधुसूदनकाका वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होते. एका इंग्रजी मासिकातून त्यांना शोध लागला होता, की हार्मोनमुळं बायकांना पैशाचे निर्णय झेपत नाहीत. पुरुषांच्या हार्मोनवर त्यात काही नव्हतं, किंवा काकांनी ते पान उलटलं असावं. कालिंदीकाकू महिन्यातले चार दिवस बाजूला बसत, कशाला शिवत नसत. हा सासूबाईंचा नियम. आता त्याला विज्ञानाचाही आधार मिळाला. मोठे व्यवहार काका नेमके त्याच दिवसांत उरकायचे, म्हणजे काकू मध्ये बोलायला नकोत.

विद्यापीठाच्या वाटेवर, दलित वस्तीला लागून, काकूंच्या पाटल्या मोडून एक प्लॉट घेतला होता, काकूंच्याच नावावर. गारखेड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून तिथं घर बांधायचं, एवढं एकच काकूंना हवं होतं.

त्र्याण्णवच्या अखेरीस विद्यापीठाचं नामांतर होणार अशी हवा झाली. कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांच्याच खात्यातले लक्ष्मणराव म्हणाले, "आता त्यांच्यात राहायला जाता व्हय, मधुसूदनराव? दम असंल तर विकून दाखवा प्लॉट."

पुरुषाला दम विचारल्यावर पुढं काय होतं, ते कळायला मासिक लागत नाही. संध्याकाळी काका पडेल भावात गिऱ्हाईक ठरवून आले. त्यांचं वाकडं नावाशी नव्हतंच; ते नाव ज्यांच्या काळजात होतं, त्यांच्याशी होतं. मला फार लाज वाटली त्यांची.

सही मात्र काकूंची हवी होती, आणि काकू नेमक्या बाजूला बसलेल्या.

"मी नाही शिवायची. कागद विटाळेल," काकू म्हणाल्या.

चार दिवस झाले, आठ झाले, काकू उठेनात. काका रोज खिचडी करपवत आणि आम्हाला समजावत, "या वयात हार्मोन असेच बिघडतात." तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडं गेलं. काकू दुसऱ्या दिवशी न्हाऊन उठल्या.

जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. दोन वर्षांनी त्या प्लॉटवर घरही झालं. वास्तुशांतीला आलेल्यांना काका सांगत होते, "जागा धरून ठेवायला पुरुषाचं काळीज लागतं."

मी स्वयंपाकघरात काकूंना विचारलं, "तेव्हा एवढा त्रास झाला, डॉक्टरांना का नाही दाखवलं?"

"कसला त्रास? माझी पाळी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती," काकू पुऱ्या लाटत म्हणाल्या. "चार दिवस बसायला मिळायचं, ते कशाला सोडू? ह्यांनी कधी विचारलंच नाही."