गाळलेलं वाक्य

नव्वदच्या दशकात नवऱ्याची बदली चंदीगडला झाली. एअरफोर्सच्या कॉलनीत मराठी बायका पुष्कळ होत्या, पण पुढे पुढे करायची हौस मलाच. म्हणून इस्पितळातून दुभाषी हवी असल्याचा निरोप आला तो मला.

साताऱ्याकडच्या एका जवानाची आई तिथे दाखल होती. मेंदूत गाठ. डावा डोळा गाठीने आधीच नेलेला. तिला दाखल करून मुलगा सीमेवर परतला होता; पुन्हा रजा मिळून यायला त्याला आठ दिवस लागणार होते. तिला मराठीखेरीज काही कळत नव्हतं.

सरदारजी डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. गाठीला रक्त फार जातं, थेट कापली तर रक्तस्राव आवरणार नाही. म्हणून आधी मांडीतून बारीक नळी वर नेऊन गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करायच्या, आणि दोन दिवसांनी ऑपरेशन. "लेकिन दूसरी आँख भी जा सकती है जी. ये माताजी को ज़रूर बताना."

मी सांगू लागले. नळीपर्यंत आले तशी तिने माझा हात घट्ट धरला.

"ह्या डोळ्याला काय हुनार न्हाई न्हवं? तसं आसंल तर आठ दिस थांबू. लेकाला डोळं भरून बघते, मग करा काय ते."

थांबता येईल का, हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. तिने माझा हात धरलेला मला आवडला होता. लिहितानाही लाज वाटते, पण धीर देणारी बाई म्हणून मी स्वतःवरच खूश होते. शिवाय सेक्टर १७ मध्ये मैत्रीण खरेदीला खोळंबली होती.

"काही होत नाही हो मावशी," मी म्हटलं. तिने लगेच संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

"सब बता दिया?" डॉक्टरांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

गाठ छान निघाली, रक्तही फारसं गेलं नाही. पण नळी घातली त्याच दिवशी तिला दिसेनासं झालं होतं, आणि ती नजर परत आली नाही.

मुलगा आला तेव्हा मी तिथेच होते. ती त्याच्या गालांवरून, हनुवटीवरून हात फिरवत राहिली. "किती वाळलास रं," म्हणाली. मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून त्याला सांगू लागली, "ह्या बाईंनी मला समदं समजावून सांगितलं. लई आधार दिला."

तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला.