नाव नसलेला बिल्ला

"ती आलीच नाही," वहिनीसाहेब म्हणाल्या.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात पाण्याचा ट्रे. छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला : स्वयंसेवक. नाव नाही.

विचारणारे काका सावनेरकडच्या खेड्यातून आले होते. धोतर, पिशवी, पिशवीत संत्री. "कोराडीची ते पोरगी कुठी आहे? मले भेटाचं आहे तिले. तिचं कार्ड आलं म्हणून त आलो मी. सारी पत्रं तिनंच लिहिली म्हन्ते."

शेजारी पाहुणे उभे होते. रेडिओवरचे निवेदक. ज्यांच्या आवाजासाठी आम्ही सगळे जमलो होतो, ते. आणि त्यांच्या पलीकडे वहिनीसाहेबांची भाची. तिची ओळख दहा मिनिटांपूर्वीच करून दिली गेली होती : "तुम्हाला इंग्रजीतून पत्रं लिहिली ती हीच."

भाची हसली होती. छान हसते ती.

ती पत्रं मी लिहिली होती. चार. खाली 'सचिव, श्रोता संघ' एवढंच लिहायला मला सांगितलं होतं. का, ते भाचीची ओळख करून दिली तेव्हा कळलं.

वडील कोराडीच्या वीज केंद्रात फिटर. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, तरी माझा कॉन्व्हेंटचा युनिफॉर्म पांढरा ठेवायची जबाबदारी आईची. शाळेत मी बोलत नसे. घरी येऊन फर्माइशीची पोस्टकार्डं लिहीत असे. माझं नाव रेडिओवर इतक्यांदा आलं की मला न पाहिलेली माणसं मला ओळखत होती. फक्त नाव आणि कोराडी. आडनाव मीच लिहीत नव्हते. कोणी सांगितलं नव्हतं. मलाच कळत होतं.

श्रोत्यांचा मेळावा नागपुरात भरवायचा ठरला, तेव्हा वहिनीसाहेब अध्यक्ष झाल्या. कारण सभागृह त्यांच्या मिस्टरांच्या ओळखीचं. रेडिओ त्यांच्या दिवाणखान्यात होता. त्यावर फुलदाणी होती.

पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं, बरं," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला नावानंसुद्धा हाक मारली नाही. 'कोराडीची मुलगी.' अक्षर चांगलं म्हणून स्वयंसेवकांचे नियमही माझ्याकडूनच लिहून घेतले. पाहुण्यांशी आपणहून बोलू नये. सही मागू नये. पहिल्या पाच रांगांत बसू नये. सर्वांचं झाल्यावर जेवावं. मी ते सुंदर अक्षरात लिहिले. खाली रेघ मारली. मला वाटलं, शिष्टाचार असाच असतो. मोठ्या कामात स्वतःला मागे ठेवायचं असतं. गंमत म्हणजे, पुढे असलेल्या कोणालाही हा नियम लागू नव्हता.

मेळाव्याच्या दिवशीच कॉलेजात माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. वार्षिक. मी गेले नव्हते. घरी सांगितलंही नव्हतं.

"आली नाही? मंग बिमार असन," काका म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून मागच्या रांगेकडे गेले. जाताना माझ्या ट्रेमधलं पाणी घेतलं. "खुश राह्य वं बाई."

मी बोलले नाही. नियम होता ना. माझ्याच अक्षरातला.

मग हजेरी सुरू झाली. ती कल्पना माझी. प्रत्येक श्रोत्यानं उभं राहून नाव-गाव सांगायचं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या नावाला चेहरा मिळायचा, की सभागृह टाळ्या वाजवायचं. हिंगण्याचा एक कामगार उठला, टाळ्या. भाची उठली, टाळ्या. तिचं नाव रेडिओवर कधी कोणी ऐकलं नव्हतं. पण साडी चांगली होती.

मी ट्रे खाली ठेवला. कुठे, तर स्टेजच्या पायरीवर. बिल्ला काढला. टाचणी बोटात घुसली. दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्यापुढे उभी राहिले.

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं.

नावावर टाळ्या सुरू झाल्या. आडनावावर काही थांबल्या. कोणाच्या थांबल्या ते मी पाहून ठेवलं.

"हेच त पोरगी!" मागून काका ओरडले. "पानी देऊन राहिली होती न मले! बोल्ली काहून नाही वं?"

वहिनीसाहेब वाकून कानाशी आल्या. अत्तराचा वास. "बिल्ला कुठे आहे तुझा? पाण्याकडे कोण बघणार?"

"तुम्ही," मी म्हणाले.

आणि बसले.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग घड्याळाकडे. सभ्य माणूस. 'पुढचे श्रोते,' म्हणत भांडण त्यांनी निवेदनाच्या आवाजात टाळलं. त्यांची सही मी मागितली नाही. आता नियमामुळे नाही.

घरी बाबांना प्रॅक्टिकलचं कळलं. ते ओरडले नाहीत. शिफ्टचे बूट काढता काढता एवढंच म्हणाले, "लोकाईच्या खुर्च्या मांडासाठी परीक्षा नाही देली तुनं?"

ते वर्ष गेलं. ते कोणी हिरावून घेतलं नाही, मी दिलं. फुकट. हे मी विसरत नाही.

पुढच्या मेळाव्याचं कार्ड आलं. 'स्वयंसेवक म्हणून अगत्य यावे.' पत्त्यात 'कोराडी शाखा' एवढंच. त्यावर माझं नाव नव्हतं. मी ते परत पाठवलं. मागे लिहिलं : नावानं बोलवा, आडनावासकट. नाहीतर पाण्याचा ग्लाससुद्धा उचलणार नाही.

खाली पूर्ण सही केली. सुंदर अक्षरात.